शून्यावरून साठ हजार म्हणजे किती टक्के वाढ?

पीएचडीच्या पहिल्या वर्षात कधीतरी प्रोजेक्टच्या बजेटची शीट तुमच्याकडे येणार. ॲडमिशनच्या वेळी हे कोणी सांगत नाही. 'एक्सेल येतं ना?' असं गाइड सहज विचारतात, आपण मान डोलावतो, आणि पुढची चार-पाच वर्षं ती फाइल आपल्या नावावर होते. माझ्याकडे ती अशीच आली. तिच्यातल्या एका सेलने मला जे शिकवलं ते आज सांगते. विषय बजेटचा असला तरी ही चूक तुम्ही पुढे डेटा ॲनालिसिसमध्येही करणार आहात, तेव्हा 'हे अकाउंट्सवाल्यांचं काम' म्हणून सोडून देऊ नका.

शीट साधी होती. बी कॉलममध्ये गेल्या वर्षीची तरतूद, सी कॉलममध्ये यंदाची मागणी. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल करून देते:

मनुष्यबळ: ४,४४,००० वरून ४,४४,०००
कन्झ्युमेबल्स: ३,००,००० वरून ३,४५,०००
कंटिन्जन्सी: ५०,००० वरून ४०,०००
प्रवास: ० वरून ६०,०००
उपकरणं: २,००,००० वरून ०
एकूण: ९,९४,००० वरून ८,८९,०००

सर म्हणाले, "प्रत्येक हेडमध्ये किती टक्के बदल झालाय, त्याचा एक कॉलम टाक." मी डी२ मध्ये सूत्र लिहिलं, =(सी२−बी२)/बी२, आणि खाली ओढलं. मनुष्यबळ ०%, कन्झ्युमेबल्स १५%, कंटिन्जन्सी −२०%, उपकरणं −१००%. आणि प्रवासाच्या ओळीत #डिव्ह/०!

आता अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केलं. नेटवर शोधलं, 'इफएरर' नावाचं फंक्शन सापडलं. सूत्रात एरर आली तर तिच्या जागी तुम्ही सांगाल ते दाखवायचं, एवढंच त्याचं काम. मी सांगितलं, शून्य दाखव. शीट स्वच्छ दिसायला लागली आणि मी चहाला गेले.

आमच्याकडे पद्धत अशी होती की ज्या हेडमध्ये दहा टक्क्यांहून जास्त बदल असेल त्याला दोन ओळींचं जस्टिफिकेशन जोडायचं. मी डी कॉलमला फिल्टर लावला. कन्झ्युमेबल्स, कंटिन्जन्सी आणि उपकरणं असे तीन हेड आले, तिघांची कारणं लिहिली, फाइल वर गेली. प्रवास त्या यादीत आलाच नाही, कारण माझ्या शीटनुसार त्यात ०% बदल होता. म्हणजे ज्या मनुष्यबळात खरोखर एक रुपयाचाही फरक नव्हता आणि ज्या प्रवासावर आपण आयुष्यात पहिल्यांदा साठ हजार मागत होतो, त्या दोन्ही ओळी माझ्या कॉलममध्ये जुळ्या बहिणींसारख्या शेजारी बसल्या होत्या.

मे महिन्याच्या मध्यावर फाइल परत आली: हेड नवीन आहे, जस्टिफिकेशन नाही. ते साठ हजार माझ्या लॅबमेटच्या फील्डवर्कसाठी होते. विहिरींच्या पाण्याचे मान्सूनपूर्व नमुने मेमध्येच घ्यावे लागतात, तेव्हा पातळी खाली गेलेली असते आणि क्षारांचं प्रमाण चढलेलं असतं. फाइल पुन्हा वर जाऊन खाली येईपर्यंत पाऊस पडून गेला. तिच्या थीसिसमध्ये त्या वर्षीच्या मान्सूनपूर्व रकान्यात आजही एक आडवी रेघ आहे. ती मला कधी काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागतं.

तर मूळ प्रश्न. शून्यावरून साठ हजार म्हणजे किती टक्के?

टक्केवारी नेमकं काय विचारते ते आधी बघा. ती विचारते, 'जुन्या रकमेला १०० धरलं, तर बदल किती?' म्हणजे जुनी रक्कम ही मोजपट्टी आहे. कन्झ्युमेबल्ससाठी पट्टी तीन लाखांची होती, ४५ हजार तिच्यावर १५ भरले. प्रवासासाठी पट्टीची लांबीच शून्य. तिने काहीच मोजता येत नाही. ४५ हजार नाही, साठ हजार नाही, सहा रुपयेही नाहीत. उलट बाजूने बघितलं तरी तेच. जुन्या रकमेला कोणत्या संख्येने गुणलं की साठ हजार येतील? शून्याला कशानेही गुणा, शून्यच. अशी संख्या नाही. एक्सेल तुम्हाला तेच सांगत असतं. त्या एररमध्ये एक्सेलची चूक काहीच नाही, आपला प्रश्न त्या ओळीला लागू नाही एवढाच तिचा अर्थ.

गंमत म्हणजे उलट्या दिशेला काही अडचण नाही. उपकरणं दोन लाखांवरून शून्यावर आली, तो बदल −१००%, एकदम वैध. पट्टी दोन लाखांची आहे आणि ती सगळीच्या सगळी गेली. शून्यावर उतरता येतं, शून्यावरून चढता येत नाही. आणि यामुळेच पुष्कळ जण फसतात. जाताना शंभर टक्के गेलं, तर येताना शंभर टक्के आलं म्हणू या. पण १००% वाढ म्हणजे दुप्पट. शून्याची दुप्पट शून्य. शिवाय हा नियम लावला तर शून्यावरून सहा रुपये ही १००% वाढ आणि शून्यावरून सहा लाख हीसुद्धा १००% वाढ. मग त्या कॉलमने वाचणाऱ्याला सांगितलं काय?

दुसरी युक्ती जरा हुशार लोकांची. 'शून्याच्या जागी १ टाक, म्हणजे भागाकार तरी होईल.' करून बघा. शीट रुपयांत असेल तर १ वरून ६०,००० म्हणजे ५९,९९,९००% वाढ. तीच शीट हजारांत असेल तर १ वरून ६०, म्हणजे ५,९००%. आणि लाखांत असेल तर १ वरून ०.६, म्हणजे −४०%. पैसे तेच, प्रवास तोच, फक्त एकक बदललं आणि साठ लाख टक्क्यांची वाढ चाळीस टक्क्यांची घट झाली! ज्या उत्तराचं चिन्हसुद्धा एककावर अवलंबून आहे ते उत्तर आपण बनवलेलं असतं, मोजलेलं नसतं.

तिसरं उत्तर 'अनंत'. गणितवाल्या मित्राला विचारलंत तर तो हेच म्हणेल, आणि ते अगदीच निराधार नाही. जुनी रक्कम हजार धरा, ५,९००% येतात. शंभर धरा, ५९,९००%. पाया जितका बारीक तितकी टक्केवारी फुगत जाते. आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात शून्याचे नियम लिहिले तेव्हा शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं धरलं होतं (थोडक्यात, माझं इफएरर). पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' असं नाव दिलं. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. त्यांचं म्हणणं असं की या राशीत काही मिळवा किंवा तिच्यातून काही काढा, ती बदलत नाही. बजेटच्या दृष्टीने नेमकी हीच तिची अडचण आहे. सहा रुपयांचा नवा खर्च आणि साठ हजारांचा नवा खर्च दोन्ही 'अनंत टक्के'. जी गोष्ट सहा आणि साठ हजार यांत फरक करू शकत नाही तिला कॉलममध्ये बसवून उपयोग नाही.

आता एक पायरी मागे जाऊ, कारण खरी गोची बहुतेक वेळा भागाकाराच्या आधीच झालेली असते. बी कॉलममधलं ते शून्य कुठून आलं?

एक्सेल रिकाम्या सेलला गणितात शून्यच धरतं. म्हणजे 'गेल्या वर्षी तरतूद नव्हती', 'तरतूद होती पण आकडा अजून मिळाला नाही' आणि 'टाइप करायचा राहिला' या तिन्हींना तीच #डिव्ह/०! मिळते. पहिल्यात शून्य ही माहिती आहे, बाकी दोन्हींत माहितीच नाही. इफएरर लावलंत की हा फरक कायमचा पुसला गेला. चौथा प्रकार त्याहून लबाड. सेलमध्ये ४०० रुपये आहेत, पण शीट लाखांत दोन दशांशांपर्यंत दाखवते, म्हणून डोळ्यांना ०.०० दिसतं. इथे एरर येत नाही, १४,९००% असला काहीतरी आकडा येतो आणि आपण बुचकळ्यात पडतो की शून्यावरून हे निघालं कसं. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघायची सवय लावून घ्या. आणि सरकारी पीडीएफमधून टेबल उचलणार असाल तर तिथे 'काही नाही' यासाठी पुष्कळदा नुसती टिंबं किंवा आडवी रेघ छापलेली असते. ती शीटमध्ये मजकूर म्हणून येते आणि सूत्र #व्हॅल्यू! देतं. इफएरर तेही गिळतं. त्याला काय गिळतोय याच्याशी देणंघेणं नसतं.

पाया कोणता घ्यायचा हा प्रश्न किती खोल जातो ते बघायचं तर केंद्राच्या अर्थसंकल्पातलं एक उदाहरण घ्या. पीएम-किसान योजना १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाली. २०१८-१९ चा मूळ अर्थसंकल्प त्याच्या वर्षभर आधीचा, त्यात ही योजना असणं शक्यच नव्हतं. तिथे शून्य. जाहीर करताना २०१८-१९ च्या सुधारित अंदाजात २०,००० कोटी घातले आणि २०१९-२० साठी ७५,००० कोटी ठेवले. वर्ष संपल्यावर २०१८-१९ चा प्रत्यक्ष खर्च निघाला १,२४१ कोटी. आता सांगा, २०१९-२० च्या ७५,००० कोटींमध्ये वाढ किती? मूळ अंदाजाशी तुलना केली तर उत्तरच नाही. सुधारित अंदाजाशी केली तर २७५%. प्रत्यक्ष खर्चाशी केली तर ५,९०० टक्क्यांच्या वर. तिन्ही पाये खरे, तिन्ही अधिकृत कागदांतले. पुढच्याच वर्षी, २०२०-२१ साठी, पुन्हा ७५,००० कोटी ठेवले गेले. गेल्या अंदाजाशी तुलना केली तर ०% बदल, पण २०१९-२० चा सुधारित आकडा ५४,३७० कोटींवर आला होता, त्याच्याशी केली तर ३८% वाढ. बातमीत यांतला एकच आकडा येतो. तुम्ही संशोधनात असा आकडा वापरणार असाल तर 'कशाच्या तुलनेत' हे शब्द त्याच्यासोबत असलेच पाहिजेत. ते नसले तर तो आकडा मी तरी उचलत नाही.

करोनाच्या काळात तर हा प्रश्न सगळ्या देशाच्या शीटमध्ये एकदम उगवला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मारुती सुझुकीची देशातली विक्री शून्य होती. वर्षभराने एप्रिल २०२१ चे आकडे आले तेव्हा 'मागच्या एप्रिलच्या तुलनेत' हा नेहमीचा कॉलम निरर्थक झाला होता. मग काही जणांनी मार्च २०२१ शी तुलना केली, काहींनी दोन वर्षं मागे जाऊन एप्रिल २०१९ शी. हा एक प्रामाणिक मार्ग आहे. पाया शून्य असेल तर दुसरा, अर्थ असलेला पाया निवडा आणि तो निवडलाय हे उघडपणे लिहा.

आमच्या प्रवासाच्या हेडला मात्र दोन वर्षं मागे जाऊनही काही सापडलं नसतं, तेव्हाही शून्यच होतं. अशा वेळी काय करायचं?

सगळ्यात आधी टक्क्यांच्या शेजारी रुपयांतल्या फरकाचा कॉलम ठेवा. सी२ उणे बी२, बास. हा कॉलम कधीच फुटत नाही. फिल्टर लावायचा तो यालाही लावा. मी हे केलं असतं तर साठ हजारांचा फरक उपकरणांच्या खालोखाल दुसऱ्या नंबरवर उभा राहिला असता. टक्क्यांच्या कॉलममध्ये इफएररऐवजी साधं 'इफ' वापरा, म्हणजे नेमकी कोणती परिस्थिती हाताळतोय ते तुम्हालाच लिहावं लागतं. मी आता असं लिहिते: बी२ रिकामा असेल तर 'माहिती नाही'; बी२ आणि सी२ दोन्ही शून्य असतील तर आडवी रेघ; नुसता बी२ शून्य असेल तर 'नवीन'; नाहीतर नेहमीचा भागाकार. रिकाम्याची तपासणी सगळ्यात आधी हवी (त्यासाठी 'इझब्लँक' आहे), नाहीतर रिकामा सेल शून्याच्या अटीत जाऊन बसतो. बाकी अनोळखी एरर उघड्या दिसू देत. त्या दिसल्या तरच तुम्ही दुरुस्त कराल.

'नवीन' या शब्दाचा एक फायदा आणि एक तोटा. मोठ्यापासून लहानाकडे सॉर्ट केलं की एक्सेल मजकुराला आकड्यांच्या वर ठेवतं, त्यामुळे नवे हेड आपोआप डोक्यावर येतात. पण 'दहापेक्षा जास्त' असा आकड्यांचा फिल्टर लावलात तर मजकूर गाळला जातो. म्हणजे माझीच चूक तुम्ही नव्या सूत्रासह पुन्हा कराल. म्हणून रुपयांचा कॉलम.

आणि मला सगळ्यात आवडलेला उपाय, जो मला फार उशिरा कळला. प्रत्येक हेडचा फरक त्याच हेडच्या जुन्या रकमेने भागायच्या ऐवजी जुन्या एकूण रकमेने भागा. एकूण क्वचितच शून्य असतं. आमच्या शीटमध्ये पाया ९,९४,००० चा. मग मनुष्यबळ ०, कन्झ्युमेबल्स +४.५, कंटिन्जन्सी −१.०, प्रवास +६.०, उपकरणं −२०.१ आणि बेरीज −१०.६. एकूण बजेट १०.६ टक्क्यांनी घटलं, आणि त्यातला कोणाचा वाटा किती ते एका नजरेत कळतं. प्रवास इथे लपत नाही की फुगतही नाही. अर्थतज्ज्ञ जीडीपीच्या वाढीत शेतीचा, उद्योगाचा वाटा सांगतात तो याच धर्तीवर. हे वाटे 'टक्के' नसून 'टक्केबिंदू' आहेत, तेवढं हेडिंगमध्ये लिहा.

यावरून आठवलं, हेडवार टक्क्यांची सरासरी काढायचा मोह टाळा. आमच्या चार वैध टक्केवाऱ्यांची सरासरी −२६.२५% येते. माझं खोटं शून्य धरलं तर पाच ओळींची −२१%. खरा एकूण बदल −१०.६%. पन्नास हजारांच्या हेडला आणि साडेचार लाखांच्या हेडला सारखंच वजन दिल्यावर दुसरं काय होणार?

आता प्रयोगशाळेत या. कंट्रोलमध्ये एखाद्या जीनचे रीड्स शून्य आणि ट्रीटमेंटमध्ये ऐंशी, तर फोल्ड चेंज किती? हाच प्रश्न, फक्त कपडे बदललेले. तिथे सगळे सर्रास १ मिळवून पुढे जातात, त्याला 'स्यूडोकाउंट' असं भारदस्त नाव आहे. ते चूकच आहे असं मी म्हणणार नाही. मोजणीच्या डेटात १ ला निदान अर्थ असतो, एक रीड. पण १ ऐवजी ०.५ घेतलं तर बारीक काउंट असलेल्या जीन्सचा क्रम किती बदलतो हे एकदा करून बघा, आणि काय मिळवलं ते मेथड्समध्ये लिहा. रासायनिक विश्लेषणात तर 'शून्य' बहुतेक वेळा शून्य नसतंच, ते 'आमच्या यंत्राला दिसलं नाही' असतं. म्हणजे डिटेक्शन लिमिटच्या खाली. त्याच्या जागी ० लिहिणं म्हणजे पुन्हा माझ्या बी कॉलममध्ये येणं. पायथनमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. साध्या पायथनमध्ये शून्याने भागलंत तर प्रोग्राम थांबतो आणि ओरडतो. पांडाजमधला पर्सेंट चेंज मात्र मुकाट्याने 'इन्फ' लिहून पुढे जातो, आणि नंतर कधीतरी तुमची सरासरीही 'इन्फ' झालेली सापडते. 'आर'चंही तसंच.

पाया ऋण असेल तरही सूत्र बिघडतं, पण एरर न देता. पन्नास हजारांच्या तुटीवरून वीस हजारांच्या शिलकीवर आलात तर सूत्र −१४०% सांगतं. परिस्थिती सुधारली आणि आकडा उणे. तिथेही टक्के सोडा, दोन रकमा लिहा.

परवा नव्याने आलेल्या ज्युनिअरने तीच फाइल उघडून विचारलं, "दीदी, इथे टक्के का नाहीत?" यंदा वाहतुकीचा एक नवा हेड आहे. टक्क्यांच्या रकान्यात 'नवीन' आहे. शेजारच्या रिमार्कमध्ये जे लिहिलंय, तेच त्या वर्षी प्रवासासाठी लिहायला हवं होतं: गेल्या वर्षी तरतूद नव्हती, यंदा ६०,००० रुपये, एकूण मागणीच्या ६.७%, मान्सूनपूर्व नमुने मेअखेरपर्यंत गोळा करण्यासाठी.